व्हुल्चीचा प्राचीन पूल आणि परिसर कसा पाहावा

इटलीतील लात्सिओ प्रांतात, बोल्सेना सरोवराभोवतीच्या ज्वालामुखी प्रदेशाच्या कडेला, फिओरा नदीकाठी व्हुल्ची हे इट्रस्कनांचे, म्हणजे रोमपूर्व काळातील मध्य इटलीच्या प्राचीन लोकांचे, नगर वसले होते. इ.स.पूर्व 280 मध्ये ते रोमने जिंकले. पाहण्याची सुरुवात नगराच्या पठारावरून करावी. तेथील रोमन रस्त्याच्या काळ्या लाव्हाच्या फरशांवरून चालताना आपल्या दख्खनच्या बेसाल्टची आठवण होते. मात्र थडगी कोरली गेली ती मऊ तुफा दगडात, म्हणजे घट्ट झालेल्या ज्वालामुखी राखेत, हा फरक आवर्जून न्याहाळावा.

त्यानंतर पुलाकडे वळावे. इट्रस्कन-रोमन काळातील या पुलाची उंची सुमारे 30 मीटर असून मुख्य कमान सुमारे 20 मीटर रुंद आहे. वर उभे राहून समाधान मानू नये. वाट सुरक्षित असेल तर खालून, नदीच्या बाजूने, तो अवश्य पाहावा. पुलावरून नेलेल्या पाटातून शतकानुशतके झिरपलेल्या पाण्याने कडेला चुन्याचे जाड, लोंबते थर साचले आहेत, आणि माझ्या मते पुलाचा सर्वांत बोलका पुरावा तोच आहे. त्यांना हात लावू नये.

पुलाशेजारच्या मध्ययुगीन किल्ल्यातील संग्रहालयास पुरेसा वेळ द्यावा. 1857 मध्ये उजेडात आलेल्या आणि शोधकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फ्रान्स्वा या इट्रस्कन थडग्यातील भित्तिचित्रे काढून रोमला नेलेली असल्याने ती येथे दिसणार नाहीत. थडग्यात प्रवेश मिळेल का, याची चौकशी आधीच करावी. उन्हाळ्यात पठारावर सावली कमी असते, म्हणून सकाळी लवकर निघावे.