टूरिंग मोटरसायकलला अलार्म सायरन बसवताना या चुका टाळा

लांबच्या प्रवासाला जाणाऱ्या मोटरसायकलला अलार्म सायरन असावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. खोलीच्या खिडकीतून न दिसणाऱ्या पार्किंगमध्ये सामान बांधलेली गाडी रात्रभर उभी ठेवावी लागते आणि हँडल लॉक तोडायला माहीतगार माणसाला फार वेळ लागत नाही. तरीही सायरन बसवल्यानंतर वाटेत अडकलेल्या ज्या गाड्या मी पाहिल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक गाड्या सायरनच्या वायरिंगमुळेच अडकलेल्या होत्या. त्याच त्या चुका इतक्या वेळा समोर येतात की त्या एकदा सविस्तर लिहून काढणे मला आवश्यक वाटते.

माझा एकच आग्रह आहे. सायरन गाडीच्या मूळ वायरिंगच्या बाजूला असावा, मध्ये नसावा. उद्या तो पूर्ण जळाला, भिजला किंवा कोणी उपटून नेला, तरी गाडी सुरू झाली पाहिजे आणि घरापर्यंत आली पाहिजे.

इग्निशनची वायर कापणे

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त अलार्म किटमध्ये सायरनबरोबर रिमोट स्टार्ट, इंजिन कट आणि पॅनिक बटण अशा अनेक सोयी एकाच डबीत भरलेल्या असतात. डबीतून आठ-दहा वायरी बाहेर येतात, आणि ज्या वायरी आल्या आहेत त्या सगळ्या कुठेतरी जोडल्याच पाहिजेत अशी समजूत दुकानातल्या मुलाची आणि गिऱ्हाईकाची सारखीच असते. इंजिन कटसाठी इग्निशन स्विचकडून येणारी मूळ वायर कापून ती किटच्या छोट्या रिलेमधून, म्हणजे विजेने उघडबंद होणाऱ्या स्विचमधून, फिरवली जाते. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत सतत पेटलेला असतो, आणि अनेक गाड्यांत हेडलाइट, फ्यूल पंप व ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा छोटा संगणक) या सगळ्यांचा करंट शेवटी त्याच इग्निशनच्या वायरीतून जातो. एकट्या 55 वॅटच्या बल्बला सुमारे साडेचार अँपिअर लागतात. हा भार तासन्‌तास वाहण्यासाठी ती डबीतली रिले केलेली नसते.

माझ्या एका मित्राच्या फ्यूल इंजेक्शनच्या रॉयल एनफिल्ड हिमालयनला एका दुकानात असाच किट घाईघाईने बसवून दिला होता. शहरात महिनाभर काही त्रास झाला नाही. जुलैमध्ये आम्ही कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालो आणि आंबा घाट उतरताना त्याचे इंजिन वळणावर बंद पडू लागले. मुसळधार पाऊस, दाट धुके आणि मागून ट्रक येत असताना गाडी बंद पडायची, आणि हँडल सरळ केले की पुन्हा सुरू व्हायची. बंद पडणे फक्त डाव्या वळणांवर होते, हे त्याने सांगितले तेव्हाच दोष पेट्रोलमध्ये नसून वायरीत आहे हे कळले. साखरप्याला एका टपरीच्या पत्र्याखाली गाडी घेतली, चावी चालू ठेवून हँडल डावीकडे वळवले, तसे मीटरवरचे दिवे विझले आणि उजवीकडे आणताच परत लागले. हँडलच्या मानेजवळ, टाकीच्या पुढच्या कडेखाली काळ्या टेपचा एक फुगीर गोळा सापडला. टेप सोलताना तिचा चिकट रस बोटांना लागत होता आणि आत पाणी होते. दोन वायरींना नुसता पीळ दिलेला होता, तांब्यावर हिरवा थर चढलेला होता आणि बहुतेक तारा बोट लावताच तुटून पडल्या. उरलेल्या तीन-चार तारांवर ती गाडी घाट उतरली होती.

आम्ही सडलेले टोक कापले, नवीन वायरीचा तुकडा घालून क्रिंपिंगचा, म्हणजे धातूची नळी पक्कडीने दाबून केलेला, जोड केला, त्यावर गरम केल्यावर आकसणारी स्लीव्ह चढवली आणि अलार्मची डबी इग्निशनपासून पूर्ण सुटी केली. त्यानंतर त्या गाडीत ही तक्रार पुन्हा आली नाही.

इंजिन कट आणि रिमोट स्टार्टच्या वायरी मी जोडतच नाही. त्यांची टोके वेगवेगळी स्लीव्ह घालून बंद करतो आणि बांधून ठेवतो. हिसका बसल्यावर किंवा रिमोटचे बटण चुकून दाबल्यावर धावत्या गाडीचे इंजिन बंद करू शकणारी कोणतीही वस्तू टूरिंगच्या गाडीत असू नये, या मतावरून मला कोणी हलवू शकलेले नाही. गिअरमध्ये असलेली गाडी दुरून सुरू करण्याची सोय तर स्टँडवरून गाडी पाडण्यासाठीच उपयोगी पडते.

पीळ, टेप आणि चावणारे क्लिप

वरच्या प्रसंगातला दुसरा दोष जोडाचा होता आणि तो जवळपास प्रत्येक गाडीत सापडतो. इन्सुलेशन टेप हा पावसावरचा उपाय नाही. उन्हाळ्यात तिचा गोंद वितळतो आणि पावसाळ्यात तिच्या घड्यांतून पाणी आत जाते. वायरीचे आवरण चिरून आत पाते घुसवणारे निळे-लाल क्लिपसुद्धा मी वापरत नाही, कारण ते तारा अर्धवट कापतात आणि हादऱ्यांनी उरलेल्या तारा तुटतात. सोल्डरिंग पक्के असते असे अनेकांना वाटते, परंतु सोल्डर वायरीत आत चढते, तेवढा भाग ताठ होतो आणि तो जिथे संपतो तिथेच वायर तुटते. म्हणून चांगल्या पक्कडीने केलेला क्रिंप, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना आधाराला केबल टाय, ही माझी सवय आहे. शक्य असेल तिथे मूळ वायर न कापता गाडीच्या कपलरला (वायरींच्या प्लग-सॉकेटला) जुळणारा जोड-कपलर लावावा, म्हणजे वॉरंटीचा वाद उद्भवला तर सगळे काढून गाडी मूळ स्थितीत आणता येते.

वायरींच्या रंगांवर विश्वास ठेवून काम करणारे लोक मला अस्वस्थ करतात. एका कंपनीत जो रंग अर्थचा (निगेटिव्हचा), तो दुसऱ्या कंपनीत इंडिकेटरचा असतो. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरील सर्व नव्या मोटरसायकलींना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले आणि त्यानंतरच्या वर्षी बीएस-6 हे उत्सर्जनाचे निकष आले, त्यामुळे सीटखालच्या जुडग्यात आता सेन्सरच्या नाजूक वायरीही असतात. टेस्ट लॅम्पची सुई अशा वायरीत खुपसणे धोक्याचे आहे. व्होल्टेज आणि करंट मोजणारा मल्टिमीटर स्वस्त मिळतो. तो न घेता हे काम करायला बसू नये. ज्या गाड्यांचे इंडिकेटर थेट कंट्रोल युनिटवर चालतात, त्यांना अलार्मची इंडिकेटरची वायर जोडू नये. सायरन वाजला की पुरे, दिवे लुकलुकण्याची गरज नाही.

फ्यूज नसणे, किंवा चुकीच्या जागी असणे

फ्यूज सायरनला वाचवण्यासाठी नसतो, तो वायरीला आग लागू नये म्हणून असतो. त्यामुळे तो सायरनजवळ लावून उपयोग नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत तो हवा, कारण फ्यूजच्या आधीची जेवढी वायर असते तेवढी संरक्षणाशिवाय असते. एक-दीड अँपिअर ओढणाऱ्या सायरनला 3 अँपिअरचा फ्यूज पुरतो. तो उडतो म्हणून 20 अँपिअरचा घालणाऱ्या माणसाने आधी तो का उडतो हे शोधावे. निगेटिव्ह वायर रंग दिलेल्या फ्रेमच्या बोल्टखाली न दाबता थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचे धातूचे कडे) लावून थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर आणावी. काम सुरू करताना निगेटिव्ह आधी काढावी आणि शेवटी जोडावी, म्हणजे पॉझिटिव्हवरचा पाना फ्रेमला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

अलार्मच्या डबीतून सायरनसाठी येणारी वायर क्षीण असेल तर वेगळी रिले घालावी लागते. तेव्हा रिलेच्या कॉइलच्या 85 आणि 86 या टोकांवर 1एन4007 डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) जोडावा आणि त्याची पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे ठेवावी. हा डायोड काही रुपयांना मिळतो, आणि तो नसेल तर रिलेची कॉइल सुटताना उठणारा उलटा झटका डबीतला ट्रान्झिस्टर जाळतो.

बॅटरी का उतरते, हे न मोजणे

“सायरन बसवल्यापासून सकाळी गाडी सुरू होत नाही” ही तक्रार घेऊन येणारा माणूस बहुधा नवीन बॅटरी विकत घेऊन आलेला असतो, आणि ती नवीन बॅटरीही आठवड्यात उतरलेली असते. अलार्म चालू असताना गाडी उभी असली तरी तो अखंड करंट ओढत असतो. समजा तो 20 मिलिअँपिअर ओढतो, तर चोवीस तासांत 0.48 अँपिअर-तास खर्च होतात. 8 अँपिअर-तासाच्या बॅटरीतून दहा दिवसांत निम्म्याहून अधिक साठा गेला, आणि लेड-ॲसिड बॅटरी इतकी उतरल्यावर तिच्यात स्टार्टर फिरवण्याची ताकद राहत नाही. थंडीत तर आणखी कमी राहते, त्यामुळे लडाखला जाणाऱ्यांनी हा हिशेब निघण्यापूर्वीच करावा.

मोजण्याची पद्धत सोपी आहे, पण ती उतावीळपणे करू नये. चावी बंद करून निगेटिव्ह वायर काढावी आणि मल्टिमीटर 10 अँपिअरच्या खोबणीवर ठेवून वायर व टर्मिनल यांच्या मध्ये जोडावा. अलार्म चालू करून मिनिटभर थांबावे, आकडा खूप लहान दिसला तरच मिलिअँपिअरच्या खोबणीवर यावे, आणि त्या अवस्थेत चावी फिरवू नये किंवा सायरन वाजू देऊ नये, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. गाडीच्या मीटरमधले घड्याळ आणि ईसीयू काही मिलिअँपिअर घेतातच, म्हणून आधी सायरनचा फ्यूज काढून आणि नंतर घालून असे दोनदा मोजावे. फरक 10 मिलिअँपिअरच्या आत असेल तर मी तो किट ठेवतो. फार जास्त असेल तर परत करतो. गाडी आठवड्याहून अधिक उभी राहणार असेल तर फ्यूज काढून ठेवावा. रात्रभर उभ्या असलेल्या बॅटरीचा व्होल्टेज 12.6च्या आसपास असावा, 12.2 दिसला तर ती अर्धी रिकामी आहे असे समजावे.

संवेदनशीलता शेवटच्या टोकाला नेणे

नव्याने अलार्म बसवलेला माणूस हादरा ओळखणाऱ्या सेन्सरचा स्क्रू पूर्ण फिरवतो, गाडीला बोट लावताच सायरन वाजतो आणि त्याला समाधान वाटते. मग पहाटे दुधाचा टेम्पो जातो, कुत्रा सीटवर चढतो, विजा कडाडतात आणि प्रत्येक वेळी सायरन वाजतो. दोन-तीन दिवसांत सोसायटीतले लोक त्या आवाजाकडे लक्ष देणे सोडून देतात आणि मालक अलार्म बंद करून टाकतो. मग गाडी खरोखर हलवली जाते तेव्हा कोणीही उठत नाही. गाडी साइड स्टँडवरून उचलल्यावर किंवा हँडल जोराने हिसडल्यावरच सायरन वाजेल एवढीच संवेदनशीलता ठेवावी, आणि एका वेळी तो तीस सेकंदांपेक्षा जास्त वाजणार नाही असे पाहावे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा आहे आणि आपला सायरन शंभराच्या वर जातो, हे लक्षात असू द्यावे.

पोलीस गाडी किंवा रुग्णवाहिकेसारखे सूर बदलणारे सायरन मुळीच घेऊ नयेत. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 119 बहुसुरी हॉर्न आणि कर्कश, भयसूचक आवाजाची साधने बसवण्यास मनाई करतो. एकसुरी सायरन घ्यावा आणि चावी चालू असताना तो वाजू शकणार नाही अशी जोडणी करावी.

बाकीच्या चुका

सायरनचे तोंड वर ठेवू नये, ते खाली किंवा मागे तिरके ठेवावे, म्हणजे पाणी निथळते. सीटखाली फोममध्ये दाबला तर आवाज घुसमटतो, सॅडल बॅगच्या मागे लपवला तरीही तेच होते, आणि क्रॅश गार्डवर लावला तर चोराच्या हाताला लगेच लागतो. सायलेन्सरजवळ प्लॅस्टिकचा भोंगा वितळतो. वायरी बांधून झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे आणि सस्पेन्शन दाबून पाहावे. धुलाई केंद्रात प्रेशरच्या पाण्याची धार सायरनवर मारू देऊ नये.

दाभोळ-धोपावे किंवा दिघी-आगरदांडा अशा फेरीबोटीवर गाडी चढवली की इंजिनाच्या कंपनांनी अलार्म वाजत राहतो, म्हणून चढण्यापूर्वी तो बंद करावा. रेल्वेने गाडी पाठवताना तर दुप्पट काळजी हवी. ज्या सायरनमध्ये स्वतःची बॅकअप बॅटरी असते, तो मुख्य बॅटरीची वायर काढताच चोरी समजून वाजू लागतो, आणि पार्सल ऑफिसातले हमाल तो थांबवण्यासाठी हाताला येईल ती वायर ओढतात. अशा सायरनला बंद करण्याची छोटी किल्ली वेगळी दिलेली असते आणि ती बहुतेकांच्या घरी खोक्यात पडून असते. ती गाडीच्या चावीच्या जुडग्यात अडकवावी, गाडी पार्सलला देण्यापूर्वी सायरन त्या किल्लीने बंद करावा, आणि वायर त्यानंतरच काढावी.