कंट्रोल रूमच्या स्क्रीनवरच एसओपी कशी उघडावी

रिॲक्टरचं तापमान चढतंय, अलार्म वाजतोय आणि अशा वेळी काय करायचं ते लिहिलेली फाईल, म्हणजे एसओपी किंवा ठरलेली कार्यपद्धती, पाळीप्रमुखांच्या कपाटात आहे. अशा फाईलचा पॅनेलवरच्या ऑपरेटरला काहीच उपयोग नाही. टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २००५ साली प्लांट सुरू करताना स्फोट झाला, १५ जण गेले. चौकशीत पुढे आलेल्या कारणांमध्ये जुनाट, अद्ययावत न केलेल्या कार्यपद्धतींचाही समावेश होता. म्हणून कार्यपद्धती हाताशी हवी आणि चालू आवृत्तीचीच हवी. पण ती देताना डीसीएसचं, म्हणजे प्लांट चालवणाऱ्या संगणकीय नियंत्रण प्रणालीचं, ऑपरेटर स्टेशन ऑफिसच्या कॉम्प्युटरसारखं मोकळंही होता कामा नये. दोन्ही कसं साधायचं, ते पाहू.

आधी एक प्रश्न विचारा: ही कागदपत्रं खरंच ऑपरेटर स्टेशनवरच हवीत का? नुसती वाचायची असतील, तर कन्सोलवर शेजारी ऑफिस नेटवर्कचा एक वेगळा कॉम्प्युटर ठेवा. नियंत्रण प्रणालीला हात लावावा लागत नाही. माझ्या मते लहान कारखान्याला हाच मार्ग बरा. पण अलार्मवर किंवा ग्राफिकवर (स्क्रीनवरच्या प्लांटच्या चित्रावर) क्लिक केल्यावर नेमकी त्याच टॅगची, म्हणजे उपकरणाच्या ओळखनावाची, कार्यपद्धती उघडायला हवी असेल, तर पुढची सगळी खटपट करावी लागेल, आणि मोठ्या प्लांटमध्ये ती करण्यासारखी आहे.

सुरुवात कागदपत्रांपासून करा. वर्डची फाईल स्टेशनवर नको. सगळं पीडीएफ करा, शक्यतो पीडीएफ/ए प्रकारात. या प्रकारात फॉन्ट फाईलमध्येच बसवावे लागतात, आणि आपल्याकडे हा मुद्दा फार मोलाचा आहे. अनेक कारखान्यांतल्या मराठी एसओपी अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. तो फॉन्ट स्टेशनवर नसला की ‘व्हॉल्व्ह बंद करा’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गिचका दिसतो. फॉन्ट बसवला तरी मजकुरात शोध घेता येत नाही. त्यामुळे आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा, मग पीडीएफ करा. स्कॅन केलेली जड पानं टाळा, ती उघडायला वेळ लागतो. आणीबाणीच्या कार्यपद्धतीत पहिल्या पानावर फक्त तातडीची कृती ठेवा; हेतू, व्याप्ती, सह्या मागच्या पानांवर जाऊ द्या.

फाईलच्या नावात आवृत्तीचा क्रमांक घालू नका. नाव टॅगवरून ठेवा, उदाहरणार्थ ‘टीआयसी-२०१’, आणि ते कायम तेच राहू द्या. आवृत्ती आणि तारीख प्रत्येक पानाच्या तळाशी छापा. नावातच आवृत्ती असेल तर दर सुधारणेला ग्राफिकमधला दुवा तुटतो आणि इन्स्ट्रुमेंटवाल्यांना ग्राफिक पुन्हा बदलत बसावं लागतं. जुनी प्रत ऑपरेटरला दिसणार नाही अशा वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा.

आता फाइली ठेवायच्या कुठे? नियंत्रण नेटवर्कच्या आतल्या एका फाइल सर्व्हरवर. ऑपरेटर गटाला तिथे फक्त वाचण्याची परवानगी द्या, शेअरवरही आणि फोल्डरवरही. दोन्हींपैकी एक विसरलं जातं. लिहिण्याचा अधिकार कागदपत्रं सांभाळणाऱ्या एक-दोन माणसांपुरताच ठेवा. ऑफिसच्या सर्व्हरचा ड्राइव्ह थेट स्टेशनला जोडून मोकळं व्हायचा मोह होतो, तो टाळा. ऑफिस आणि प्लांट यांच्या नेटवर्कमधल्या डीएमझेडमध्ये, म्हणजे दोन्हींपासून वेगळ्या ठेवलेल्या मधल्या टप्प्यात, फाईल आधी उतरवा, तिथे तपासा आणि मगच आत न्या. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा घातक संगणक प्रोग्रॅम पसरला तेव्हा जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचंही काम कोलमडलं होतं. जोडलेल्या नेटवर्कमधून असा हल्ला किती झपाट्याने धावतो, हे तेव्हा दिसलं. पेन ड्राइव्हचं तर बोलायलाच नको, २०१० साली उघडकीला आलेला, औद्योगिक नियंत्रण प्रणालींवर हल्ला करणारा स्टक्सनेट त्यातूनही पसरत होता. स्टेशनचे यूएसबी पोर्ट बंदच ठेवा.

पीडीएफ रीडर टाकण्याआधी डीसीएस कंपनीला विचारा. प्रत्येक कंपनीची मान्य सॉफ्टवेअरची यादी असते. यादीबाहेरचं काही टाकलं आणि पुढे स्टेशन अडकलं, तर सपोर्टच्या वेळी तोच वादाचा मुद्दा होतो. बदलाची रीतसर मंजुरी घ्या, स्टेशनचा बॅकअप काढा आणि बाकीची स्टेशनं चालू ठेवून एकाच स्टेशनवर काम करा. रीडरमधलं जावास्क्रिप्ट बंद करा, बाहेरचे दुवे उघडू देऊ नका, आपोआप होणारे अपडेटही थांबवा.

यानंतरची तपासणी बहुतेक ठिकाणी राहून जाते. ऑपरेटरच्या लॉगिनने बसा, एक पीडीएफ उघडा आणि बाहेर पडायचा प्रयत्न करा. ‘सेव्ह ॲज’ दाबलं की जी खिडकी उघडते तिच्यात फोल्डरांची यादी दिसते. तिथे राइट क्लिक केलं की कधी कधी पूर्ण विंडोज एक्सप्लोरर उघडतो आणि डेस्कटॉपचं कुलूप निरर्थक ठरतं. प्रिंटची खिडकी, एफ-१ ची मदत, फाईलमधले दुवे, सगळं असंच दाबून पाहा. जी वाट सापडेल ती विंडोजच्या ग्रुप पॉलिसीने आणि ॲपलॉकरने (कोणते प्रोग्रॅम चालू द्यायचे ते ठरवणाऱ्या विंडोजच्या सोयीने) बंद करा. परवानगी फक्त ठरलेल्या प्रोग्रॅमलाच हवी.

कागदपत्र स्क्रीनवर कुठे उघडतं, हेही पाहा. अलार्मची पट्टी आणि फेसप्लेट (उपकरणाचं वाचन आणि बटणं दाखवणारी छोटी खिडकी) त्याखाली झाकली गेली तर मदतीऐवजी धोका वाढतो. दुय्यम मॉनिटरवर, ठरलेल्या आकारात उघडेल अशी व्यवस्था करा. दुवे देताना सगळ्या टॅगांच्या मागे लागू नका. ज्या अलार्मला ऑपरेटरने काही मिनिटांत हालचाल करायची असते, तिथून सुरुवात करा.

सर्व्हर बंद पडला तर? आणीबाणीच्या कार्यपद्धतींची प्रत प्रत्येक स्टेशनवर स्थानिक डिस्कवरही ठेवा आणि छापील संच कंट्रोल रूममध्ये कुलपाबाहेर ठेवा. नवी आवृत्ती आली की तिन्ही जागी एकाच दिवशी बदल व्हायला हवा, आणि तो बदल करणाऱ्या एका माणसाचं नाव आधीच ठरलेलं हवं.

शेवटी रात्रपाळीत जाऊन एखाद्या ऑपरेटरला सांगा: कूलिंग वॉटर गेलं असं समजा, कार्यपद्धती काढून दाखवा. नुसतं बघत उभे राहा, मदत करू नका. तो जिथे अडखळेल तिथला दुवा, नाव किंवा बटण दुसऱ्या दिवशी बदला आणि पुढच्या पाळीच्या माणसाकडून पुन्हा तपासून घ्या.