एकोणपन्नास लिहिताना 59 का होतात? जुड्यांनी हातच्याची वजाबाकी

'एकोणपन्नास' लिही म्हटलं की दुसरी-तिसरीतली बरीच लेकरं 59 लिहितात. कानावर 'पन्नास' पडतं, नऊचा अंक पाठ असतो, दोन्ही जोडले जातात. खरं तर एकोण म्हणजे एक उणा. 19 पासून 89 पर्यंतच्या आठ नावांत एकेक वजाबाकी दडलेली आहे (99 तेवढा नव्व्याण्णव). म्हणून पाढ्यांआधी हे पक्कं करा.

तूर निघाल्यावर बांधावर तुराट्या पडलेल्या असतात. त्यांच्या वरच्या बारीक फांद्यांच्या वीतभर 100 काड्या करा, टोकं घासून घ्या. जाड तुराटी नको, दहांची जुडी लहान मुठीत मावत नाही. खराट्याच्या काड्याही चालतील. दहा-दहा मोजून रबर लेकरानंच लावायचं. तुम्ही बांधून दिलेल्या जुडीत दहा आहेत यावर त्याचा भरवसा बसत नाही, ते परत एकेक मोजत बसतं.

आता पाच जुड्या ठेवा आणि म्हणा, "यातली एक काडी मला दे." जुडी सोडल्याशिवाय ती देता येत नाही. उरतात 4 जुड्या, 9 सुट्ट्या. तेव्हाच 49 लिहायला लावा.

इथून हातच्याची वजाबाकी एका पावलावर आहे. 52 − 27 मध्ये नेहमीची चूक म्हणजे उत्तर 35. दोनातून सात जात नाहीत, म्हणून लेकरू उलटं सातातून दोन वजा करतं. त्यावर लगेच फुली मारू नका, काड्या मांडा: 5 जुड्या, 2 सुट्ट्या. सात काढायला एक जुडी सोडली की 4 जुड्या आणि 12 सुट्ट्या. बारातून सात गेले, पाच. चारातून दोन गेल्या, दोन. उत्तर 25. प्रत्येक हालचालीबरोबर वहीत तोच अंक खोडून नवा लिहायचा. नुसतं काड्यांवर केलं तर वहीत पुन्हा 35 येतं. आणि 'उसना घेतला' म्हणू नका. उसनं परत द्यावं लागतं, इथं काहीच परत जात नाही. 'जुडी सोडली' म्हणा.

रोज पंधरा मिनिटं, चार-पाच गणितं, बास. आठवडाभर चुकलं नाही की काड्या बाजूला ठेवून वहीत जुडीसाठी उभी रेघ, सुट्टीसाठी टिंब काढू द्या.

100 − 36 शेवटी घ्या. दहा जुड्यांची एक मोळी बांधा. सहा सुट्ट्या मागितल्या की आधी मोळी सुटते, मग एक जुडी. समोर 9 जुड्या, 10 सुट्ट्या. वरच्या शून्याचे नऊ कुठून आले, हे तिथं दिसतं. मग आठवडी बाजारात 36 रुपयांच्या भाजीला शंभराची नोट द्या आणि परत आलेले 64 त्यालाच मोजून घेऊ द्या.