लॅब निवडायच्या आधी ओबेद सिद्दिकींचं करिअर एकदा वाचून घ्या

दरवर्षी एमएस्सीचे निकाल लागले की मेसेज सुरू होतात, ताई मॉलिक्युलर बायोलॉजीत पीएचडी करायचीय, अमुक गाइडचा एच-इंडेक्स इतका आहे, जॉइन करू का? म्हणून जीवशास्त्रज्ञ ओबेद सिद्दिकींचं उदाहरण घेऊन एकदाच सविस्तर लिहिते. एच-इंडेक्स ३० म्हणजे किमान ३० पेपर असे की प्रत्येकाला किमान ३० सायटेशन्स (दुसऱ्यांनी आपल्या पेपरात दिलेले संदर्भ), बास. पेपर कशासाठी साईट झाला ते त्यात दिसत नाही. लॉरीचा १९५१ चा प्रोटीन मोजायच्या पद्धतीवरचा पेपर तीन लाखांहून जास्त वेळा साईट झालाय, कारण प्रोटीन सगळ्यांनाच मोजावं लागतं.

मी पण आकडा बघूनच पहिल्या प्रोजेक्टला गेले होते. गाइड दोन-दोन महिने भेटायचे नाहीत आणि माझ्या पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवायची पद्धत) निगेटिव्ह कंट्रोलला बँड (डीएनए असल्याची पट्टी) यायचा, म्हणजे ज्या ट्यूबमध्ये डीएनए टाकलाच नाही तिथे पण, आणि का येतोय हे विचारायला कोणी नाही. पाच आठवडे गेले. शेवटी शेजारच्या लॅबमधल्या एका सीनियरने बघितलं आणि म्हणाली, पाणी बदल, प्रायमरचे (पीसीआर सुरू करून देणारे डीएनएचे तुकडे) छोटे अ‍ॅलिकॉट कर म्हणजे थोडं थोडं वेगळ्या ट्यूबमध्ये वाटून ठेव, पिपेट पुसून घे. पाण्याची बाटलीच कंटॅमिनेट झाली होती! तेव्हापासून मी लॅबमध्ये आधी माणसं बघते.

आता सिद्दिकी. ग्लासगोला जेनेटिसिस्ट पाँटेकोर्वोंकडे बुरशीच्या जेनेटिक्सवर पीएचडी, मग अमेरिकेत अ‍ॅलन गॅरनबरोबर बॅक्टेरियावर काम, आणि १९६२ मध्ये होमी भाभांनी बोलावलं म्हणून मुंबईत टीआयएफआरला (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) मॉलिक्युलर बायोलॉजी युनिट सुरू केलं, फिजिक्स आणि गणितवाल्यांच्या संस्थेत. तिथे काही वर्षं ई. कोलाय या बॅक्टेरियावर काम, आणि जम बसलेला असताना सरळ फळमाशीकडे वळले, मज्जासंस्थेवर काम करायला, मग पुढे चव आणि वास. विषय बदलला की सायटेशन्सचा आलेख काही वर्षं बसतो, हे ज्याने भोगलंय त्याला कळेल, पण प्रश्न मोठा होता म्हणून ते गेले.

१९७६ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ सेमूर बेंझरबरोबर त्यांचा पेपर आला, तापमान वाढवलं की लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर. मी अशा माश्या स्वतः बघितल्यात. काचेच्या व्हायलमध्ये मस्त चढत असतात, व्हायल गरम पाण्यात धरली की एकेक करून तळाला पडतात, पाय वर, आणि थंड केलं की हळूहळू पाय हलायला लागतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता. त्या पेपरातला कोमाटोज नावाचा म्युटंट (जीनमध्ये बिघाड असलेली माशी) घ्या, त्यातला बिघडलेला जीन एनएसएफ नावाच्या प्रोटीनचा आहे हे १९९० च्या दशकात कळलं. हे प्रोटीन नसेल तर चेतापेशीतून पुढे निरोप जाणं अडतं. म्हणजे माशी पडली १९७६ ला आणि का पडली ते कळायला जवळजवळ वीस वर्षं. पाच वर्षांचे आकडे बघणाऱ्याला हे कुठून दिसणार?

आणि माणसं. व्हेरोनिका रॉड्रिग्ज, मूळ गोव्याच्या कुटुंबातली, केनियात जन्मलेली, डब्लिनला शिकत असताना सिद्दिकींचं काम वाचून तिने त्यांना पत्र लिहिलं आणि मुंबईला पीएचडीला आली. माशीला वास कसा कळतो यावर तिने पुढे आयुष्यभर काम केलं. जीवशास्त्रज्ञ के. विजयराघवन पण टीआयएफआरमध्येच पीएचडी करून पुढे आले. बंगळुरूचं एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) सिद्दिकींच्या याच युनिटमधून उभं राहिलं. मला विचाराल तर प्रभाव मोजायचा तो इथे.

तेव्हा लॅबच्या पेजवर जुने विद्यार्थी आता कुठे आहेत ते बघा, फर्स्ट ऑथर (पेपरवर पहिलं नाव) कोण असतात ते बघा, आणि कँटीनमध्ये तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पोरांना गाठून विचारा की लॅब मीटिंग किती दिवसांनी होते, प्रयोग फसला तर कोणाकडे जाता. चहा पीत लोक खरं सांगतात. लॅब रोटेशन (लॅब पक्की करण्याआधी वेगवेगळ्या लॅबमध्ये थोडे थोडे दिवस काम) असेल तर घ्याच. टीआयएफआर, एनसीबीएसला जायचं असेल तर जेजीबिल्स या प्रवेश परीक्षेचा फॉर्म वेळेत भरा, दरवर्षी कोणीतरी तारीख चुकवतं.

गाइडला मेल करताना सीव्ही जोडून 'रिस्पेक्टेड सर' एवढंच पाठवू नका. त्यांचा एक पेपर नीट वाचा, त्यातली एखादी आकृती का पटली नाही किंवा त्यापुढे काय करून बघावंसं वाटलं ते चार ओळीत लिहा. पहिल्या मेलला उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी परत पाठवा, तोपर्यंत दुसरा पेपर वाचून होईल.