अपूर्णांकवाली समीकरणं: आधी छेद उडवा

मुलांना बीजगणित शिकवताना एक गोष्ट कायम दिसते, समीकरणात अपूर्णांक आले की पोरं आधी त्यांची बेरीज-वजाबाकी करत बसतात आणि त्यातच अर्धं पान जातं. काही गरज नाही हो त्याची. दोन्ही बाजूंना सगळ्या छेदांच्या लसाविने (सगळ्या छेदांनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या) गुणा, छेद गेले, उरलं ते साधं समीकरण.

समजा क्ष/३ − (क्ष − २)/४ = १ असं आहे. लसावि १२. आता प्रत्येक पदाला १२ ने गुणायचं, प्रत्येक म्हणजे उजवीकडच्या एकट्या १ ला पण, त्याला छेद दिसत नाही म्हणून तो हमखास सुटतो. मग येतं ४क्ष − ३(क्ष − २) = १२.

इथे जरा थांबा, तो कंस बघा. अपूर्णांक उभा लिहिला असेल तर अंशाला कंस नसतो, ती आडवी रेघच कंसाचं काम करत असते, त्यामुळे रेघ गेली की कंस आपण घालायचा. नाही घातला तर वजा फक्त क्ष ला लागतो, −३क्ष − ६ होतं आणि उत्तर १८ निघतं. खरं म्हणजे ४क्ष − ३क्ष + ६ = १२, क्ष = ६. ताळा मूळ समीकरणातच करायचा, मधल्या ओळीत नाही, कारण गडबड मधेच झालेली असू शकते. ६ घातले की २ − १ = १, जमलं. १८ घातले की ६ − ४ = २, लगेच कळतं.

क्रॉस मल्टिप्लाय, म्हणजे एका बाजूचा अंश दुसऱ्या बाजूच्या छेदाने गुणणं, सगळ्यांचं लाडकं, पण ते दोन्हीकडे एक-एकच अपूर्णांक असेल तेव्हाच. आणि नुसतं 'सोपं रूप द्या' असेल, बरोबरचं चिन्हच नसेल, तर छेद उडवता येत नाही, दुसरी बाजूच नाही ना गुणायला!

छेदातच क्ष असेल तर सोडवायच्या आधी कोपऱ्यात लिहून ठेवा की क्ष कुठली किंमत घेऊ शकत नाही. उदा. क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) + २, इथे क्ष ३ असूच शकत नाही कारण छेद शून्य होतो. गुणून सोडवलंत तर क्ष = ३ + २(क्ष − ३), म्हणजे नेमकं क्ष = ३ च येतं. आकडेमोड बरोबरच आहे, उगाच परत परत खोडत बसू नका, सरळ 'उकल नाही' लिहा आणि पुढच्या गणिताकडे वळा.