गावातल्या हॉलमध्ये 'पायरट्स ऑफ पेन्झान्स' बघायला जाताय?

इंग्लंडात राहत असाल तर लायब्ररीच्या बोर्डावर नाहीतर चर्चच्या फाटकावर गिल्बर्ट (शब्द) आणि सलिव्हन (संगीत) या जोडीच्या ऑपेराचं पोस्टर कधी ना कधी दिसतंच, 'पायरट्स' म्हणजे चाचे, हे त्यातलंच एक. ऑपेरा म्हटलं की आपण दचकतो, इटालियन असेल, कोट-टाय लागेल वगैरे, पण हे तसलं नाही. इंग्रजीत आहे, गाण्यांच्या मधे साधे डायलॉग आहेत, इंटरव्हल धरून साधारण अडीच तासांत मोकळे. कपडे रोजचेच चालतात, हॉल जुना असेल तर स्वेटर मात्र न्या.

खरी तयारी घरीच. गोष्ट आधी वाचून जा, सस्पेन्स जाईल म्हणून घाबरू नका, सगळी मजा शब्दांत आहे आणि शब्द सुसाट पळतात. संहिता नेटवर फुकट मिळते, कॉपीराइट कधीच संपलाय. (न्यूयॉर्कला 31 डिसेंबर 1879 ला हे रंगमंचावर आणलं, कारण या जोडीच्या आधीच्या 'पिनाफोर' ऑपेराचे अमेरिकेत बिनपरवाना धडाधड प्रयोग झाले होते. चाच्यांवरचं नाटक आणि त्यालाच चोरांची भीती!)

थोडक्यात सांगतो. फ्रेडरिकला पायलटकडे, म्हणजे जहाजाच्या वाटाड्याकडे, शिकायला ठेवायचं असतं, पण दाई रूथला ऐकू कमी येतं आणि ती पोराला पायरटकडे, म्हणजे चाच्याकडे, सोडून येते. करार एकविसाव्या वाढदिवसापर्यंतचा, आणि पठ्ठ्याचा जन्म 29 फेब्रुवारीचा! वय 21 पण वाढदिवस पाचच झालेत, सुटका थेट 1940 मधे. त्यात हे चाचे अनाथांना हात लावत नाहीत ही बातमी बाहेर फुटलेली, मग जो सापडतो तो अनाथच निघतो.

पहिल्या अंकातलं मेजर-जनरलचं गाणं यूट्यूबवर शब्द समोर ठेवून एकदा तरी ऐका, नाहीतर हॉलमधे सगळे हसतील आणि तुम्ही शेजाऱ्याकडे बघत बसाल. टाळ्या जोरात पडल्या तर कधीकधी शेवटचा भाग परत घेतात, तोही आधीपेक्षा फास्ट. आपल्यासारखं 'वन्स मोर' ओरडू नका, टाळ्यांवर भागवा.

सीट मधल्या रांगांमधली घ्या. छोट्या हॉलमधे बरेचदा माइक नसतात, आणि अगदी पुढे बसलात तर पियानो नाहीतर बँडच कानात वाजत राहतो. हिरोचा वरचा सूर चिरकला तर मनावर घेऊ नका, हौशी मंडळींची खरी ताकद कोरसमधे असते. दुसऱ्या अंकात चाचे मांजरपावलांनी येतोय असं बेंबीच्या देठापासून गात धाडधाड पाय आपटत येतात, आणि त्यांना पकडायला पोलीस... नको, हे तिथेच बघा.

इंटरव्हलला आइस्क्रीमचा छोटा डबा मिळतो, बरेचदा रॅफलही (बक्षिसांची सोडत) असतं, त्यामुळे खिशात सुट्टे ठेवा. पोरं बरोबर असतील तर शनिवारची मॅटिनी बरी, नसतील तर शेवटच्या रात्रीचं तिकीट बघा, तोपर्यंत सगळ्यांची भीड चेपलेली असते.