पुलाची भेग मोजायची तर आधी ऊन मोजा

मी कामाला लागलो तेव्हा भेगेवर काचेची पट्टी चिकटवायचे. फुटली की पूल हलला. पण किती आणि कधी, ते काच सांगत नाही. त्यासाठी क्रॅकमीटर, म्हणजे भेगेच्या दोन्ही काठांना जोडून तिची रुंदी मोजणारं यंत्र. मी व्हायब्रेटिंग वायरचा घेतो. आत ताणलेली पोलादी तार असते. भेग रुंदावली की तंबोऱ्याची खुंटी पिळल्यासारखा तिचा सूर चढतो. मोजायचा तो सूर, म्हणून केबल शंभर मीटर लांब ओढली तरी रीडिंग बिघडत नाही.

बसवताना भेगेशी काटकोन साधा. जुन्या दुरुस्तीचा मसाला खरवडून मूळ काँक्रीटला भोक पाडा. एकदा मी आळस केला आणि दोन महिने पुलाऐवजी सुटलेल्या मसाल्याची हालचाल मोजत बसलो. क्रॅकमीटरचा सरकता दांडा अर्धवट ओढलेल्या स्थितीत पक्का करा. भेग उघडते तशी मिटतेही.

आता ऊन. एका अंशाला काँक्रीट मीटरमागे साधारण 10 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, वाढतं. 20 मीटरचा गर्डर, म्हणजे पुलाची तुळई, 10 अंशांनी तापला तर सरळ 2 मिलिमीटर! त्यामुळे भेग बहुधा दुपारी मिटते, पहाटे उघडते. नवखा पोरगा पहाटेचा आलेख बघून साहेबांना फोन लावतो. तसं करू नका. क्रॅकमीटरमधला थर्मिस्टर, म्हणजे छोटा तापमापक, क्रॅकमीटरचंच तापमान सांगतो, जाड काँक्रीट तास-दोन तास मागे असतं. म्हणून काँक्रीटमध्येही एक तापमापक पुरा. भेग नसलेल्या जागी दुसरा क्रॅकमीटर लावा, म्हणजे नुसत्या उन्हाची हालचाल वेगळी कळेल. आणि पहाटे पाचचं रीडिंग पहाटे पाचच्याच रीडिंगशी ताडा. महिनोन्‌महिने तेच वर सरकत गेलं तर मात्र फोन लावाच.

भेगेवर सगळा भरवसा टाकू नका. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला. पूर पायाखालची माती ओढून नेत असेल तर ते स्लॅबखालच्या क्रॅकमीटरला कुठून कळणार? नदीतल्या खांबांवर त्यांचा कल मोजणारा टिल्टमीटर आणि पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर हवाच.

रीडिंग नोंदवणाऱ्या लॉगरच्या पेटीत केबल खालून घ्या, आणि आत शिरण्याआधी तिला झोल द्या. ओघळणारं पाणी तिथेच गळून पडतं. पावसाआधी एकदा आणि गणपतीनंतर एकदा झाकण उघडून बघा. माझ्या एका पेटीत पालीनं अंडी घातली होती.